भिंत कोणाची, नाव कोणाचे?

बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत एक संस्कृत शिलालेख आहे, असे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगितले की त्यांना आधी ती थट्टा वाटते. मग त्यांना मशिदीत नेऊन आतल्या भिंतीवरची देवनागरी अक्षरे दाखवावी लागतात. फारुकी घराण्यातल्या आदिलशहाने, म्हणजे आपण ज्याला राजा अलीखान म्हणतो त्याने, ही मशीद बांधली. अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही त्यानेच कोरवून घेतला. आरंभी सृष्टिकर्त्याला वंदन, मग फारुकी राजांची वंशावळ आणि शेवटी काळ : विक्रम संवत १६४६, शके १५११, पौष महिना, तिथी आणि नक्षत्रासकट. इसवी सनाच्या हिशेबाने ते १५९० सालाच्या आरंभाचे दिवस.

याच मशिदीत दुसऱ्या एका राजाचेही नाव कोरलेले आहे. ते अकबराचे. १६०१च्या जानेवारीत अशीरगड पडला, फारुकींचे राज्य संपले आणि त्या विजयाची नोंद फारुकींच्याच मशिदीवर झाली. म्हणजे एकाच इमारतीवर एक नाव ज्याने ती बांधली त्याचे आणि दुसरे ज्याने ती जिंकली त्याचे. पहिला लेख घरमालकाचा, दुसरा पाहुण्याचा. आणि पाहुणा कसा आला होता हे आपण जाणतोच.

दुसऱ्याच्या भिंतीवर आपले नाव लिहिण्याचा हक्क कोणाला असतो, हा प्रश्न मला या दोन लेखांनी घातला. तो वाटतो तितका किरकोळ नाही. ज्या भिंतीकडे लोक आदराने पाहतात, त्या भिंतीवर नाव लिहिणारा माणूस तो आदर थोडा उसना घेत असतो. मशिदीवरचे, देवळावरचे, चावडीवरचे अक्षर लोक खरे मानतात, कारण भिंतीची पत त्या अक्षराला मिळते. असे उसने घेणारा एखादाच असतो तोवर भिंतीला फरक पडत नाही. पण हजारजण आले की अक्षरांना काही मिळत नाही आणि भिंतीचीही पत जाते. म्हणून प्रत्येक काळाने याबाबत काही ना काही नियम केले. ते नियम कसे चालले, कुठे फसले, याचा हा थोडासा इतिहास.

अकबराचा तो लेख ज्याने रचला त्याचे नाव मीर मुहम्मद मासूम. तो सिंधमधल्या भक्करचा. सिंधचा इतिहास लिहिणारा, कवी, सरदार आणि पुढे इराणच्या शाह अब्बासाकडे गेलेला वकील. कवितेत तो ‘नामी’ हे टोपणनाव घेई. फारसीत त्याचा अर्थ नामांकित. नाव सार्थ करण्याची त्याची रीतही नामीच होती. मुघल अमीरांच्या जुन्या चरित्रग्रंथात नोंद आहे की हा गृहस्थ प्रवासात पाथरवट बरोबर बाळगी आणि मुक्काम पडेल तिथल्या इमारतींवर लेख कोरवून घेई. फत्तेपूर सिक्रीला त्याचे लेख आहेत, मांडूला आहेत, पार कंदाहारच्या चाळीस पायऱ्यांच्या कड्यावर आहेत. सिंधमध्ये सक्कर गावी त्याच्या नावाचा मिनार आजही उभा आहे.

आता खरे पाहिले तर मांडूची इमारत दुसऱ्याची आणि बऱ्हाणपूरची फारुकींची. मीर मासूमने त्यांतली एक वीटही रचली नव्हती. तरीही आज आपण त्याचे लेख जपतो, त्यांचे ठसे घेतो, वाचतो. याचे कारण त्याची कविता मोठी होती असे मला वाटत नाही. दगडात अक्षर कोरायला पाथरवट लागतो, दिवस लागतात, मजुरी लागते आणि राजाची मर्जी लागते. हा खर्चच पहारेकऱ्याचे काम करत होता. सगळ्या मुघल छावणीत असा एक मीर मासूम निघाला. दहा हजार निघाले असते तर मशिदीची भिंत शिल्लक राहिली नसती.

आपल्याकडे याहून जुना आणि शहाणा एक नियम होता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख अनेक वाचकांनी पाहिला असेल. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७, या काळात ज्यांनी देवळाला देणग्या दिल्या त्यांची ती यादी आहे. रामचंद्रदेव यादव आणि हेमाद्रिपंडित यांची नावे तीत आहेत, तशी साध्या भक्तांचीही आहेत. नियम सरळ : द्याल तर नाव लागेल. नाव देणगीच्या पाठोपाठ येते, एकटे येत नाही.

अजिंठ्याला तर हा नियम आणि त्याचा भंग एकाच लेण्यात पाहायला मिळतो. बऱ्हाणपुराहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दहाव्या लेण्यात उभा राहू शकतो. या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी नावाच्या दात्याचा ब्राह्मी लेख आहे. लेण्याचे मुख त्याने करवून दिले, म्हणून त्याचे नाव तिथे. आत एका खांबावर दुसरे नाव ओरखडलेले आहे : जॉन स्मिथ, कंपनी सरकारच्या घोडदळातला अधिकारी, तारीख २८ एप्रिल १८१९. शिकारीला आलेल्या या साहेबाला लेणे दिसले आणि त्याने रंगवलेल्या आकृतीवरच आपले नाव कोरले. त्याच महिन्याच्या ९ तारखेला आमचा अशीरगड शिंद्यांच्या किल्लेदाराकडून इंग्रजांच्या हाती गेला होता. मुलूख नवा हाती आलेला, भिंत विचारणारे कोणी नाही, आणि हाताशी टोकदार हत्यार.

कटहादीने मुख दिले आणि नाव लावले. स्मिथने काहीच दिले नाही, उलट चित्राचा तुकडा घेतला. पण त्याच्या नावाने आणखी एक गोष्ट घडली, ती इतिहासकारांपेक्षा घरमालकांना चांगली ठाऊक असते. पहिले नाव दिसले की दुसऱ्याला धीर येतो. कोऱ्या भिंतीवर लिहायला माणूस कचरतो. लिहिलेल्या भिंतीवर लिहायला कोणी कचरत नाही. अशीरगडावर चढून जा, कोणत्याही पडक्या भिंतीवर बाणाने भेदलेली हृदये आणि त्यांच्या खालची नावे वाचा. छिन्नीची जागा खिळ्याने घेतली, खिळ्याची विटेच्या तुकड्याने, विटेची रंगाच्या डबीने. दर वेळी लिहिणे स्वस्त झाले आणि दर वेळी गर्दी वाढली.

हे मी पुस्तकातून शिकलो त्यापेक्षा आमच्या घराच्या भिंतीवरून जास्त शिकलो. शनवाऱ्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या वळणावर आमचे घर, त्यामुळे तिची दर्शनी भिंत सगळ्यांच्या नजरेत. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, त्या भिंतीवर एक काळा फळा ठोकला होता. गावातली मराठी घरे विखुरलेली. कोणाकडे बारसे, कोणाचे निधन, भजन कुठे, गणपतीच्या नाटकाची तालीम किती वाजता, रावेरची गाडी उशिरा आहे का, हे कळायला जागा हवी. वर मराठीत, खाली हिंदीत. खडूचा डबा दाराशी ठेवलेला. ज्याला लिहायचे त्याने लिहावे.

काही वर्षे हे सुरळीत चालले. मग फळा लोक वाचतात ही गोष्ट ज्यांना कळायला नको त्यांनाही कळली. आधी एका शिवणकामाच्या वर्गाचा पत्ता आला, मग दातांचे दवाखाने, मग गुप्तरोगाचे वैद्य, मग भाड्याच्या खोल्या. प्रत्येक मजकुराच्या शेवटी ठसठशीत पत्ता, आणि टेलिफोन घरोघर आल्यावर आकडा. एकदा तर एका वृद्ध शेजाऱ्याच्या निधनाची वार्ता पुसून तिच्या जागी कुणीतरी खाजेच्या मलमाची जाहिरात लिहिली. दहावा कधी, हे चार घरांना कळलेच नाही. त्या घरच्या मुलाने आमच्या दारात उभे राहून एवढेच विचारले, “अण्णा, फळ्यावर लिहिलं होतं ना?” त्या प्रश्नात तक्रार नव्हती, म्हणूनच तो अण्णांना लागला.

त्यांनी आधी ‘जाहिरात लिहू नये’ अशी पाटी लावली. पाटीखालीच जाहिराती आल्या. मग खडू आत नेला. लोक स्वतःचा खडू आणू लागले. शेवटी अण्णांनी जो नियम केला तो मला आजही विलक्षण वाटतो. त्यांनी कोणालाही लिहायला मनाई केली नाही. फक्त फळ्यावर पत्ता आणि फोनचा आकडा लिहायचा नाही, दिसला की पुसला जाईल. ज्याला पत्ता हवा असेल त्याने आत येऊन विचारावे. आमची आई एका वहीत पत्ते लिहून ठेवी.

दातांच्या दवाखान्याचा माणूस दुसऱ्याच दिवशी आला. “काका, पता नहीं लिखेंगे तो लिखने का फायदा क्या?” अण्णा हसून म्हणाले, “वही तो!”

त्या ‘फायदा क्या’मध्ये सगळे आले. भजनाच्या सूचनेला पत्ता लागत नाही, ती ज्यांच्यासाठी असते त्यांना घर माहीत असते. निधनाच्या वार्तेला आकडा लागत नाही. ज्या मजकुराचा जीवच पत्त्यात होता तो आपोआप गळाला. महिन्याभरात फळा बराचसा मोकळा झाला. ‘बराचसा’ म्हणतो, कारण पूर्ण कधीच झाला नाही. रात्री येऊन आकडे लिहून जाणारे राहिलेच. त्यांना सकाळी पुसले जाणार हे ठाऊक होते की नव्हते कोण जाणे. एका रात्रीत शंभर भिंती रंगवणारा मजूर कोणत्या भिंतीचा काय नियम आहे हे बघत बसत नाही. त्याला भिंतीमागे पैसे मिळतात.

आणि नियमाची किंमतही होती. पापड लाटून विकणाऱ्या एका विधवा बाईला याच फळ्याने गिऱ्हाईक मिळत होते. तिचा पत्ता गेला तसा तिचा धंदा निम्म्यावर येऊ लागला. दवाखाने आणि वैद्य यांना भिंती पुष्कळ होत्या, तिला ही एकच. तेव्हा आईने वही दाराच्या आत न ठेवता ओट्यावर आणली आणि दुपारचा तास-दीड तास ती स्वतः तिथे बसू लागली. विचारायला येईल त्याला पापडवाल्या बाईंचे घर सांगायचे. नियमाने आलेल्या गोंधळाला नियमाने उत्तर मिळाले नाही, माणसाच्या वेळाने मिळाले. ही गोष्ट कायदे करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

कायदेही आले. मध्य प्रदेशात १९९४ साली संपत्ती विरूपण निवारण अधिनियम झाला. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय लोकांच्या नजरेत येणाऱ्या मालमत्तेवर शाई, खडू, रंगाने लिहिणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड. मालकाचे किंवा राहणाऱ्याचे स्वतःचे नाव-पत्ता तेवढा त्यातून वगळला. म्हणजे राजा अलीखानाचा लेख कायद्यात बसतो, अकबराचा बसत नाही! पलीकडे महाराष्ट्रात १९९५चा कायदा आला. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. संरक्षित स्मारकांसाठी १९५८चा कायदा आधीच होता. २०१०च्या दुरुस्तीने त्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड इतकी वाढली. निवडणुकीच्या आचारसंहितेतही मालकाच्या परवानगीशिवाय खाजगी भिंत वापरू नये असे कलम आहे.

या सगळ्यांत मला जास्त शहाणपणाचे वाटते ते दिल्लीच्या २००७च्या कायद्यातले एक कलम. लिहिणारा हात सापडत नाही, सापडला तर तो रोजंदारीवरचा मजूर असतो. म्हणून ते कलम म्हणते की ज्याच्या फायद्यासाठी लिहिले गेले तोही दोषी धरावा, आपल्याला ठाऊक नव्हते किंवा आपली संमती नव्हती हे त्याने सिद्ध करावे. भिंतीवरचा आकडा हा जाहिरातदाराचा जीव, आणि तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा. अण्णांनी फायदा पुसला. या कलमाने फायदा घेणाऱ्याला धरले. वाट वेगळी, मर्म एकच.

तरी भिंती पुरत्या स्वच्छ झाल्या का? भिंतींवरून काही मजकूर उतरला आणि फ्लेक्सवर चढला. खांबाखांबावर वाढदिवसाचे हसरे चेहरे आले. कापडावर हाताने लिहिण्याला पेंटर लागत असे, दिवस लागत असे; फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो. एका ठिकाणचा मोह बंद केला की गर्दी विरघळत नाही, ती जिथे स्वस्त असेल तिथे वाहत जाते.

आमच्या नातवंडांच्या जगात हाच खेळ इंटरनेटवर चालला आहे, असे थोडे खोलात गेल्यावर माझ्या लक्षात आले. १९९८ साली निघालेल्या गूगलच्या शोधयंत्राने एक पारख बसवली : ज्या पानाकडे इतर पाने दुव्याने बोट दाखवतात ते पान मोठे. झाले! दुवा हाच उसना आदर ठरला. नामवंत पानांखाली वाचकांना लिहायला जी मोकळी जागा असे, तिथे यंत्रे लावून औषधांचे आणि जुगाराचे दुवे चिकटवणे सुरू झाले. यालाच स्पॅम म्हणतात. जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन यांनी जाहीर केले की अशा दुव्यावर पानाच्या मालकाने ‘नोफॉलो’ ही खूण केली तर मोठेपणाच्या हिशेबात तो दुवा धरणार नाही. दुवा दिसेल, पण पत देणार नाही. अण्णांचा नियम याच जातीचा होता. परिणामही तसाच झाला : फायदा घटला, पण स्पॅम थांबला नाही. यंत्राला एक दुवा चिकटवायला जवळजवळ काही खर्च येत नाही, प्रत्येक पानावर खूण आहे की नाही हे ते पाहत नाही, आणि हजारांतल्या एखाद्याने बोट ठेवले तरी धंदा होतो. २०१९च्या सप्टेंबरात गूगलने ही खूण पक्की आज्ञा न मानता सूचना मानण्याचे ठरवले. शिवाय पैसे देऊन लावलेला दुवा आणि वाचकाने लिहिलेला दुवा यांसाठी दोन निराळ्या खुणा दिल्या. म्हणजे तिथेही पुसणारा हात आणि पाहणारा डोळा लागतोच.

या साऱ्यातून मला तीन पहारेकरी दिसतात. एक खर्च : छिन्नीच्या काळात तो एकटा पुरत होता. दुसरा मालकाची संमती : पंढरपूरच्या यादीत ती देणगीच्या रूपाने आहे, १९९४च्या कायद्यात लेखी परवानगीच्या. तिसरा फायद्याची नाकेबंदी. खर्च आता परत येणार नाही. लिहिणे दिवसेंदिवस फुकट होत चालले आहे. संमतीला विचारणारा कोणी हवा. फायद्याची नाकेबंदी सर्वांत परिणामकारक, पण तिच्या तावडीत पापडवाली बाईही सापडते. म्हणून तिन्हींच्या मागे चौथे कोणीतरी बसलेले असावे लागते, वही घेऊन.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यात याला आणखी एक अर्थ आहे. १५ ऑगस्ट २००३ला बऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळे होऊन जिल्हा झाले. गाव वाढले, पाट्या वाढल्या. हिंदीला इथे हजार भिंती आहेत, आणि त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही, ती आमचीही रोजची भाषा आहे. मराठीला मात्र मोजक्या जागा : एखादा फळा, एखाद्या वाचनालयाचा दर्शनी भाग, गणेशोत्सवाचा मांडव, असा एखादा दिवाळी अंक. जिच्याजवळ हजार भिंती आहेत तिची एक भिंत जाहिरातींनी भरली तर चालून जाते. जिच्याजवळ एकच आहे तिची भरली की बारसे, बारावे आणि भजन सगळे एकदमच मुके होते. मग लोक फळ्याकडे बघायचे सोडतात, आणि न बघितलेला फळा राहिला काय, काढला काय, सारखेच.

अण्णा गेले, आईही गेली. फळा अजून त्याच वळणावर आहे, पत्त्याचा नियमही आहे. सकाळी मी ओले फडके घेऊन बाहेर येतो, रात्रीचे आकडे पुसतो, बाकीचे वाचतो. ओट्यावरच्या वहीत पापडवाल्या बाईंच्या सुनेचा पत्ता आहे. कोणी विचारले तर सांगतो. चार शतकांपूर्वी एका मुसलमान राजाने आपल्या मशिदीत पाहुण्यांच्या नव्हे, इथल्याच माणसांच्या लिपीत चार ओळी कोरवल्या. त्या आजही वाचता येतात, कारण मधल्या सगळ्या पिढ्यांत कोणी ना कोणी त्या भिंतीवर लक्ष ठेवले. त्या राखणाऱ्यांची नावे तिथे कुठेच लिहिलेली नाहीत.